निकालाची वाट पाहताना

शाळामास्तराच्या आयुष्यात 'निकाल' हा शब्द दरवर्षी एकदा, ठरलेल्या वेळी येतो. आम्ही तेहतीस वर्षे भिवंडीच्या एका शाळेत संस्कृत व मराठी शिकविले, तितक्या वेळा निकालाच्या आदल्या दिवशी मुलांचे उतरलेले चेहरे पाहिले, आणि तितक्याच वेळा त्यांस सांगितले की, "बाळांनो, पेपर देऊन झाला, आता काळजी करून गुण वाढावयाचे नाहीत." हा उपदेश किती स्वस्त होता, हे कळावयास आम्हांस वयाची पासष्टी उलटावी लागली. गतवर्षी वैशाखात आमच्या सौभाग्यवतींच्या छातीचा स्कॅन झाला आणि त्याचा निकाल हाती येईपर्यंतचे पाच दिवस आम्ही व आमच्या घराने काढले. त्या पाच दिवसांत आमचे काय चुकले व आम्ही काय शिकलो, ते येथे सांगावयाचे योजिले आहे. आजकाल असा प्रसंग ज्या घरावर आला नाही असे घर विरळा. तेव्हा आमच्या चुकांचा कोणास उपयोग झाला तर होवो.

प्रसंग असा. आमचे घर ब्राह्मण आळीतले, जुने, माणसांनी भरलेले. वडील बंधू व वहिनी, आम्ही उभयता, धाकट्या भावाचे कुटुंब, दोन सुना, चार नातवंडे, आणि या सर्वांवर नव्वदी गाठलेल्या मातोश्री. चैत्राच्या अखेरीस सौभाग्यवतींना खोकला लागला. भिवंडीत खोकल्याचे कोणास नवल? गावात यंत्रमाग रात्रंदिवस चालतात, सुताचे तंतू हवेत तरंगतात; त्यामुळे चार दिवस काढा, चार दिवस हळदीचे दूध, असे करीत तीन आठवडे गेले. वस्तुतः दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला तर छातीची तपासणी करून घ्यावी, हे सरकारी क्षयरोग कार्यक्रमाचे साधे सूत्र आहे. ते भिंतीवर रंगविलेले आम्ही नित्य वाचीत होतो आणि वाचून पुढे जात होतो. अखेर थोरल्या सूनबाईंनी हट्ट धरला आणि क्ष-किरणांचे चित्र काढविले. त्यात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूस वाटाण्याएवढी एक पांढरी छाया दिसली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ते चित्र दिव्यावर धरून बराच वेळ पाहिले आणि "ठाण्यास जाऊन सीटी स्कॅन करून घ्या, मग बोलू," एवढेच सांगितले. त्या 'मग बोलू' या दोन शब्दांनी आमच्या पोटात जो गोळा आला, तो पुढे पाच दिवस तेथेच राहिला.

आमची पहिली चूक येथेच झाली. वडील बंधूंनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, "तिला काही बोलू नका. साधी तपासणी आहे म्हणावं." आमच्या घराची ही जुनीच रीत. वडिलांच्या आजारपणातही असेच केले होते. गुरुवारी सकाळी आमचा एक जुना विद्यार्थी, जो आता चार मागांचा धनी आहे, स्वतः गाडी घेऊन दारात आला. गाडीत आम्ही, चिरंजीव आणि सूनबाई असे तिघे सौभाग्यवतींसह बसलो. कामवारीचा पूल मागे पडला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या साध्या तपासणीला तुम्ही तिघं कशाला निघालात?" कोणासही उत्तर सुचले नाही. ज्यांच्यापासून आम्ही गोष्ट लपवीत होतो त्यांना ती ठाऊक होती, आणि आमच्या लपविण्यामुळे त्यांना आपल्या भीतीविषयी बोलावयास घरात एकही माणूस उरले नव्हते, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

या यंत्रांचा इतिहास पाहिला तर भीती त्यांच्या जन्मापासूनच त्यांच्यासोबत आहे. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत विल्हेल्म रंटगेन या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाला क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे व त्यांवरील अंगठी त्यात स्पष्ट दिसत होती. ते पाहून त्या बाईला जणू आपलेच मरण पाहिल्यासारखे वाटले, असे सांगतात. पुढे इंग्लंडात गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने अनेक बाजूंनी किरण सोडून, गणिताच्या साहाय्याने शरीराचे आडवे काप दाखविणारे यंत्र रचले. त्याच्या प्रयोगशाळेतील पहिल्या यंत्रास एका चित्राची माहिती गोळा करावयास नऊ दिवस लागत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विंबल्डन येथे एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र निघाले, आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांस नोबेल पारितोषिक मिळाले. नऊ दिवसांचे ते काम आज काही क्षणांत होते. रुग्णाने पाटावर निजावे, श्वास रोखावा, सोडावा, की झाले. यंत्राचा वेग असा वाढला आहे. वाट पाहणाऱ्या माणसाचे मन मात्र होते तेथेच आहे.

मग चित्र क्षणात निघते तर निकालास दिवस का लागतात? हा प्रश्न आम्ही त्या केंद्रातील मुलीस जरा चढ्या आवाजात विचारला. पुढे आमच्या डॉक्टरांनी त्याचे उत्तर समजावून दिले, ते असे. एका छातीचे शेकडो काप निघतात. ते तज्ज्ञाने एकेक करून पाहावयाचे असतात. प्रत्येक ठिपक्याची घनता आकड्यांत मोजलेली असते. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड कित्येक शेकडे, अशी ती मोजपट्टी असून तिला हाउन्सफील्डचेच नाव आहे. छायेत चुना बसला आहे काय, तिची कड गुळगुळीत आहे की काटेरी, बाजूच्या गाठी फुगल्या आहेत काय, हे सर्व पाहून, जुने चित्र असल्यास त्याच्याशी ताडून मग तो लिहितो. पुढे तुकडा काढून तपासावयाचा झाला तर आणखी वेळ. तो द्रवात मुरवावा लागतो, मेणात बसवावा लागतो, केसाहूनही पातळ काप काढून रंगवावे लागतात. क्षयाचे जंतू वाढवून पाहावयाचे झाल्यास सहा आठवडेही लागू शकतात, कारण तो जंतूच मोठा संथ. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे वीस तास लागतात. हे ऐकल्यावर आमचा राग निवळला. विलंब म्हटला की 'काही तरी वाईट आढळले असावे, म्हणूनच सांगत नाहीत' असे आपण धरून चालतो. पुष्कळदा विलंबाचे कारण एवढेच असते की कोणी तरी आपले काम नीट करीत असतो.

गुरुवार व शुक्रवार घरात विलक्षण शांततेत गेले. मुलांस आवाज करू नका म्हणून सांगितले, त्यामुळे मुले अधिकच घाबरली, आठ वर्षांच्या नातवाने तर "आजी कुठे जाणार आहे?" असे थेट विचारले. वहिनींनी वज्रेश्वरीस नवस बोलला. आम्ही जरा हसलो, तेव्हा मातोश्रींनी आम्हांस चिमाजी अप्पांची आठवण दिली. वसईचा किल्ला हाती यावा म्हणून अप्पांनी वज्रेश्वरीस मंदिर बांधण्याचा नवस केला होता, अशी आपल्याकडे आख्यायिका आहे. आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडला तो तटाखाली सुरुंग लावून, हे इतिहासात नमूद आहे. मातोश्री म्हणाल्या, "नवस बोलावा आणि सुरुंगही लावावा. एक केलं म्हणून दुसरं सोडू नये." यापुढे आम्ही वहिनींस हसलो नाही.

शुक्रवारी दुपारी दारावर कैऱ्या आल्या. आमच्याकडे वर्षाचे लोणचे सौभाग्यवतींच्या हातचे. वहिनी म्हणाल्या, "या वर्षी राहू दे, सोमवारनंतर बघू." सौभाग्यवती उठल्या, विळी-अडकित्ता काढला आणि म्हणाल्या, "कैरी सोमवारसाठी थांबत नाही. पाऊस पडला की तिची चव गेली." सायंकाळपर्यंत दोन्ही सुनांना घेऊन त्यांनी पंधरा किलो कैरी चिरली. त्या तीन तासांत त्यांना खोकला आला, पण डोळ्यांतील ती हरवलेली नजर एकदाही दिसली नाही. आम्ही मात्र ओटीवर बसून तेच वर्तमानपत्र चौथ्यांदा वाचीत होतो.

शनिवारी रात्री साडेनऊस चिरंजीवांच्या मोबाइलवर अहवाल येऊन पडला. डॉक्टरांची भेट सोमवारी. चिरंजीव खाली गेले होते, मोबाइल आमच्या हाताशी होता. आम्ही चष्मा लावला आणि वाचू लागलो. इंग्रजी मॅट्रिकचे, पण शब्दांची व्युत्पत्ती लावण्याची खोड जन्माची. पाचव्या ओळीत 'ग्रॅन्युलोमा' हा शब्द आला आणि आमची दृष्टी तेथेच थिजली. कार्सिनोमा, सार्कोमा, लिम्फोमा हे शब्द आम्ही ऐकले होते; 'ओमा' हा प्रत्यय गाठीचा, हेही कोठे तरी वाचले होते. आम्ही मनातल्या मनात अनुमान बांधले: जेथे जेथे 'ओमा', तेथे तेथे कर्करोग. मोबाइल जागेवर ठेवला, कोणास काही न सांगता अंथरुणावर पडलो, आणि ती सारी रात्र मागांची खटखट ऐकत काढली. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही त्यांना काय दिले नाही याचा हिशेब आम्ही त्या रात्री केला; तो येथे मांडीत नाही.

पहाटे पाचास सौभाग्यवती उठून जवळ बसल्या. "रात्रभर जागे आहात. अहवाल आलाय ना?" आता खोटे बोलणे शक्य नव्हते. आम्ही तो शब्द सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पुढचं वाचलंत का?" आम्ही वाचले नव्हते. त्यांनी सूनबाईंस हाक मारली. सूनबाईंनी दिव्याखाली बसून सगळा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात लिहिले होते की छायेत चुना बसलेला दिसतो, ती बहुधा जुनी, बरी झालेली ग्रॅन्युलोमा असावी, आणि पूर्वीचे चित्र उपलब्ध असल्यास त्याच्याशी तुलना करावी. तेहतीस वर्षे आम्ही मुलांस बजावीत आलो की श्लोकाचा अन्वय लावल्यावाचून, क्रियापद सापडल्यावाचून अर्थ करू नये. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एका पदावरून साऱ्या वाक्याचा अर्थ करून मोकळे झालो!

हा शब्द वाचकांनीही समजून घ्यावा. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरात शिरलेल्या क्षयादी जंतूंस कोंडून ठेवण्यासाठी शरीराच्याच रक्षक पेशींनी त्यांच्याभोवती घातलेला वेढा. रोग शमल्यावर त्यावर चुना बसून लहानसा वण राहतो. आपल्या देशात क्षयाचा प्रसार मोठा, म्हणून असे वण पुष्कळांच्या छातीत असतात व कित्येकांस त्याचा पत्ताही नसतो. 'ओमा' म्हणावे तर काचबिंदूस इंग्रजीत ग्लॉकोमा म्हणतात, खुपऱ्यांस ट्रॅकोमा, आणि मुका मार लागून रक्त साकळले तर हिमॅटोमा. यांत कर्करोग कोठेच नाही. अहवालातील आणखीही काही शब्द असेच फसवे आहेत. 'अनरिमार्केबल' म्हणजे तुच्छ नव्हे, वावगे काही आढळले नाही. 'नेगेटिव्ह' म्हणजे ज्या रोगाचा शोध केला तो सापडला नाही. 'लीझन' म्हणजे नेहमीहून वेगळी दिसणारी कोणतीही जागा, मग ती निरुपद्रवी का असेना. 'अमुक रोग नाकारता येत नाही' हे वाक्य तज्ज्ञाची सावधगिरी दाखविते, निदान नव्हे. आणि अखेरीस बहुधा असतेच ते 'क्लिनिकल कोरिलेशन', म्हणजे रुग्णास समक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे सारे लक्षणांशी ताडून पाहावे. तात्पर्य, अहवाल हा एका डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टरास लिहिलेले पत्र आहे. ते मधल्या मध्ये फोडून वाचणाऱ्यास आमच्यासारखी शिक्षा होते.

रविवार उजाडला तो वेगळाच. आता घराला काम मिळाले होते. एकोणीस वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेच्या आधी सौभाग्यवतींच्या छातीचे चित्र काढले होते, हे वहिनींस आठवले. माळ्यावर चिरंजीव चढले, खाली दादांनी शिडी धरली, पुतण्याने ट्रंका उतरविल्या. जुनी पंचांगे, मुलांची प्रगतिपुस्तके, लग्नपत्रिका अंगणात पसरल्या. दुपारी दोनला एका पिवळ्या पाकिटात ते चित्र सापडले तेव्हा मातोश्रींनी देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी घरात प्रथमच सर्वजण एका पंगतीला मोकळेपणी जेवले. निकाल लागलेला नव्हता. छाया होती तेथेच होती. तरीही मनाचा भार निम्मा उतरला होता. असे का व्हावे, याचा विचार आम्ही पुढे केला.

न्यायशास्त्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत पहिला प्रमाण, तिसरा संशय आणि नववा निर्णय. संशय म्हणजे अज्ञान नव्हे. एकाच वस्तूविषयी परस्परविरुद्ध दोन कोटी मनात एकदम उभ्या राहणे, हा संशय. तिन्हीसांजेला दूर काही उभे दिसते, ते खांब की माणूस, हे त्याचे शाळेतले उदाहरण. मन या कोटीवरून त्या कोटीवर झोके घेते आणि त्या झोक्यांनीच थकते. आधुनिक प्रयोगांनीही हेच दाखविले आहे. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ४५ जणांस संगणकावर दगड उलटावयास लावले. दगडाखाली साप निघाला की हातास विजेचा बारीक झटका बसे. झटका नक्की बसणार हे ज्यांना ठाऊक होते त्यांपेक्षा बसेल की न बसेल हे अर्धे-अर्धे असताना लोकांचा ताण अधिक होता. घाम व डोळ्यांची बाहुली यांवरून तो मोजला होता. निश्चित दुःखाहून अनिश्चित दुःख जड जाते, हे ज्याने वाट पाहिली आहे त्यास प्रयोगावाचूनही पटेल. अमेरिकेत ब्रूस फीलर नावाच्या लेखकाने, जो स्वतः हाडाच्या कर्करोगातून गेला होता, २०११ साली 'टाइम' साप्ताहिकात या स्कॅनपूर्व भीतीवर लिहिले आणि 'स्कॅन' व 'चिंता' यांच्या इंग्रजी शब्दांची संधी करून झालेला 'स्कँझायटी' हा शब्द पुष्कळांच्या तोंडी आला.

मग या संशयकाळात करावे काय? आमच्या जुन्या उपदेशाप्रमाणे काळजीच करू नये काय? कॅलिफोर्नियातील केट स्वीनी या विदुषींनी वाट पाहण्याचाच अभ्यास केला आहे. तेथे वकिलीची परीक्षा दिल्यावर निकालास चार महिने लागत. त्या उमेदवारांकडे पाहता असे आढळले की मन दुसरीकडे वळविण्याच्या, चिंता दडपण्याच्या युक्त्यांनी फारसे कोणाचे दुःख कमी झाले नाही. उलट ज्यांनी काळजी करीत दिवस काढले त्यांना वाईट निकाल अधिक धैर्याने सोसता आला व चांगल्याचा आनंदही अधिक झाला. म्हणजे काळजी वाटणे हा अपराध नव्हे. 'काळजी करू नकोस' असे म्हणणारा बहुधा स्वतःचेच समाधान करून घेतो. त्याच अभ्यासक्रमात पुढे असेही दिसले की हात व बुद्धी दोन्ही गुंतवून ठेवणारे काम ज्यांना लाभते त्यांचा हा काळ अधिक सुसह्य होतो. सौभाग्यवतींच्या कैऱ्या आणि आमचे चौथ्यांदा वाचलेले वर्तमानपत्र यांतला फरक हाच. संस्कृतात चिंता आणि चिंतन यांचा धातू एकच. विचारास काही काम दिले की त्याचे चिंतन होते, न दिले तर चिंता.

सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही चित्रे शेजारी लावली. एकोणीस वर्षांपूर्वीही तोच वाटाणा, त्याच जागी, तेवढाच. "दोन वर्षं न वाढलेला असा डाग बहुधा निरुपद्रवी मानतात, हा तर एकोणीस वर्षांचा आहे," ते म्हणाले. खोकला श्वासनलिकांच्या साध्या सुजेचा होता. तो औषधाने तीन आठवड्यांत गेला. जाता जाता त्यांनी सांगितले की २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत, अतिधूम्रपान केलेल्या त्रेपन्न हजारांवर लोकांपैकी ज्यांचा स्कॅन केला, त्यांच्यात सुमारे चोवीस टक्के निकाल संशयास्पद निघाले. परंतु अशा दर शंभरांतील शहाण्णवांमागे कर्करोग नव्हता. मात्र त्याच पाहणीत स्कॅन करून घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा छाया दिसली म्हणून खचूही नये, आणि बहुतेक छाया निरुपद्रवी असतात म्हणून तपासणी टाळूही नये.

आमचा निकाल गोड लागला. सर्वांचा तसा लागत नाही, हे आम्ही विसरत नाही. आमचे एक सहशिक्षक याच वाटेने परळच्या टाटा रुग्णालयात गेले होते. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून उभे राहिलेले ते रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत उघडले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या आधिपत्याखाली आहे. त्याच्या बाकांवर आसामपासून कोकणापर्यंतची माणसे हातात पाकिटे घेऊन बसलेली असतात. राहावयास जागा नसलेल्यांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळतो. आमचे स्नेही त्यांपैकीच एक होते. त्यांचा निकाल वाईट होता. ते आम्हांस म्हणाले होते, "मास्तर, कळलं त्या रात्री मला झोप लागली. तोवर रोग कुठे आहे ते माहीत नव्हतं, त्यामुळे तो सगळीकडेच होता." त्यानंतर उपचार झाले, चार वर्षे त्यांनी उत्तम काढली आणि मग ते गेले. त्या चार वर्षांत एकदाही त्यांनी स्कॅनच्या आधीचा आठवडा निर्धास्तपणे घालविला नाही. पण दरवेळी त्यांची पत्नी सोबत होती आणि दोघांत काही लपविलेले नव्हते.

आमच्या अनुभवाचे सार थोडक्यात सांगतो. तपासणीस जातानाच विचारून ठेवावे की निकाल कोणत्या दिवशी, कोणाकडून व कसा कळणार. ठरलेला दिवस ठाऊक असला म्हणजे प्रत्येक घंटीस दचकावे लागत नाही. जुनी चित्रे व कागद एका पाकिटात तारीखवार लावून ठेवावेत. आमच्या माळ्यावरचे ते पिवळे पाकीट आम्हांस साऱ्या धीराच्या शब्दांहून उपयोगी पडले. अहवाल आधी हाती आला तर डॉक्टरांच्या भेटीपर्यंत उघडू नये, आणि उघडलाच तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मोबाइलवर रोगाचे नाव घालून रात्री शोध करू नये. नातेवाइकांच्या चौकश्यांस उत्तर देण्याचे काम घरातील एकाच माणसाकडे सोपवावे. मुलांस त्यांच्या वयाला समजेल असे खरे सांगावे. आणि ज्याचे शरीर त्यास प्रथम सांगावे; त्याच्यापाठीमागे कुजबुजणारे घर म्हणजे दुसरा रोगच. झोप पार उडाली, छाती धडधडू लागली, अन्न जाईनासे झाले, तर तेही डॉक्टरांच्या कानी घालावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मनाचे दुखणे सांगणे यात कमीपणा नाही, हे आमच्या पिढीस थोडे उशिराच शिकावे लागले.

असो. वहिनींचा नवस आम्ही सर्वांनी मिळून फेडला. गाडी त्याच विद्यार्थ्याची होती आणि नातवाने वाटभर प्रश्न विचारले. शुक्रवारच्या त्या कैऱ्यांची बरणी आषाढात उघडली. लोणचे नेहमीपेक्षा जरा खारट झाले होते. त्या दिवशी मीठ दोनदा पडले असावे, असे सौभाग्यवती म्हणाल्या. म्हणजे भीती त्यांनाही होती. त्यांनी ती आम्हांस दिसू दिली नाही, आणि आम्ही विचारलीही नाही. आता कोणाचीही तपासणी असली की आदल्या रात्री आम्ही दोघे ओटीवर बसतो आणि कोणास कशाची भीती वाटते ते एकमेकांस सांगतो. पुढल्या महिन्यात आमच्या डोळ्यांची तपासणी आहे.